खलनायकाचे खांदे आणि तीन फुटी दार

मा. संपादक,

कॉमिकवरून चित्रपट आला की 'खलनायक पुस्तकातल्याएवढा धिप्पाड नाही' ही तक्रार हमखास येते. तक्रार करणाऱ्यांनी एकदा मोजपट्टी हातात घ्यावी.

मोठ्या माणसाचे डोके हनुवटीपासून टाळूपर्यंत साधारण २३ सेंटीमीटर भरते. माणूस उंच असला म्हणून डोके त्या मानाने वाढत नाही. आपण साडेसात डोक्यांएवढे उंच असतो आणि खांदे दोन डोक्यांच्या थोडे पुढे जातात. कॉमिकचा चित्रकार नायकालाच आठ-साडेआठ डोकी उंची देतो, आणि 'बॅटमॅन' कॉमिकमधल्या बेन या खलनायकासारखा आडदांड काढायचा झाला की खांदे चार डोक्यांपर्यंत ताणतो. म्हणजे ९२ सेंटीमीटर. असा नट तीन फुटी दारातून तिरका झाल्याशिवाय आत येणार नाही.

बेनचेच उदाहरण घेऊ, कारण खऱ्या नटांनी तो दोन चित्रपटांत साकारला आणि दोन्ही वेळा उलटसुलट गोष्टी घडल्या. चक डिक्सन, डग मोएंच आणि ग्रॅहम नोलन यांनी त्याला जानेवारी १९९३च्या अंकात आणले. तुरुंगात वाढलेला, तिथेच पुस्तके वाचून शहाणा झालेला. 'व्हेनम' नावाचे औषध नळीने डोक्यात जाते आणि स्नायू फुगतात. बॅटमॅनचा कणा मोडण्यापूर्वी तो अर्कम या वेड्यांच्या इस्पितळातले सगळे वेडे गुन्हेगार मोकळे सोडतो, त्यांना पकडता पकडता बॅटमॅन पार थकतो, आणि मगच बेन समोर येतो. त्याची खरी ताकद या आखणीत आहे.

१९९७च्या चित्रपटात रॉबर्ट स्वेन्सन हा कुस्तीगीर घेतला. अंग जवळपास चित्रातले, मुखवटा तोच, नळ्याही त्याच. पण पात्र पॉयझन आयव्ही या खलनायिकेच्या मागे गुरगुरत चालणारा हरकाम्या होऊन बसले. २०१२ साली टॉम हार्डी आला, उंची जेमतेम पावणेसहा फूट. भूमिकेसाठी त्याने सुमारे १४ किलो वजन वाढवले, तरी समोरचा बॅटमॅन सहा फुटी. पण बुद्धी, संयम, योजना परत आली. औषधाची नळी काढून वेदना दाबणारा वायू देणारा मुखवटा दिला, हा बदल आम्हाला अचूक वाटतो. शरीर औषधाने फुगलेले नाही असे एकदा ठरले की शरीरसौष्ठव स्पर्धेतले अंग लागतच नाही. जाड मान, उतरते खांदे, मुष्टियोद्ध्याचे पोट पुरते.

मग तो मोठा कसा दिसला? बुटात उंची देणारे तळ होतेच. लोकरीच्या अस्तराचा जाड कोट खांद्यांची रेषा रुंद करतो. हात छातीवरच्या पट्ट्यांना धरून कोपरे बाहेर काढण्याची ढब नीट पाहा, कडेची आकृती तेवढ्याने रुंदावते. आणि पहिल्या मारामारीत पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पाण्याचा आणि ठोशांचा आवाज तेवढा. वजन कानांतून पोचते.

उंचीचा फरक बुजवणे लघुपट करणाऱ्या आपल्या पोरांनाही जमेल. वस्तूचा दिसणारा आकार कॅमेऱ्यापासूनच्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात असतो. खलनायक तीन मीटरवर आणि सहा फुटी नायक त्याच्याहून वीतभर मागे ठेवला की पावणेसहा फुटी माणूस बरोबरीचा किंवा कणभर उंच दिसतो. अर्धा मीटर मागे नेला तर दहा टक्क्यांहून मोठा. पावले चौकटीत येऊ देऊ नयेत, नाहीतर चोरी पकडली जाते. दोघांनी एकमेकांकडे न पाहता सरळ समांतर पाहावे. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, लहान ठेवावे म्हणजे दोघेही फोकसमध्ये राहतात; त्यासाठी दिवे जास्त लागतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, जवळ, रुंद कोनाच्या लेन्सचा ठेवला की छाती मोठी आणि डोके लहान दिसते, म्हणजे चित्रकाराने जे केले तेच.

दिवाळीला नरकासुराचे पुतळे बांधणाऱ्या आपल्या गोव्यातल्या मंडळांना ही गोष्ट उलट बाजूने नडते. प्रेक्षक रस्त्यावरून वर बघतो, म्हणून डोके आपोआप लहान दिसते. वीस फुटी सांगाड्यावर बाजारातला तयार दोन फुटी मुखवटा बसवला की भोपळ्यावर लिंबू ठेवल्यासारखे होते. मुखवटा निदान तीन फुटी हवा.

नकली स्नायूंचा सूट हा शेवटचा उपाय, आणि तो बहुतेक वेळा मानेपाशी फसतो. खांद्यावर फोम चढतो, मान मात्र नटाचीच राहते, त्यामुळे डोके आत बुडाल्यासारखे दिसते. फोमचा उतार कानाच्या खालून सुरू करून खांद्याच्या टोकापर्यंत न्यावा. काखेत आणि कोपराच्या आत अखंड तुकडा लावू नये, तिथे चुणी पडते आणि रबर रबरच दिसते. तुकडे सुटे ठेवून वरून लायक्रा ताणावा. खरा दंड वाकवला की फुगतो, फोमचा फुगत नाही, म्हणून बाह्या झाकलेल्या बऱ्या. २०२२च्या 'द बॅटमॅन' चित्रपटातल्या पेंग्विन या खलनायकासाठी कॉलिन फॅरेलचे गाल, नाक, हनुवटी, मान सगळेच रंगभूषाकार माइक मारिनोने बदलले, त्यामुळे आतला सूट कुठे संपतो हे कळत नाही. आपल्या दमट हवेत घामाने स्पिरिट गम, म्हणजे नकली तुकडे कातडीला चिकटवण्याचा डिंक, सुटतो, तेव्हा कडा दर मध्यंतरात तपासाव्यात.

'अॅव्हेंजर्स' चित्रपटांतला राक्षसी खलनायक थॅनोस वेगळा. २०१८मध्ये त्याचे अंग संगणकावर घडले, पण जोश ब्रोलिनच्या चेहऱ्यावर ठिपके लावून, शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यांनी ओठ-भुवयांची हालचाल टिपली होती. सेटवर ब्रोलिनच्या डोक्याच्या वर थॅनोसचे तोंड लावून ठेवत, म्हणजे समोरच्या नटांची नजर योग्य उंचीवर जाई. हा खर्च गोव्यातल्या कुणाला परवडणारा नाही. काठीला लावलेले पुठ्ठ्याचे तोंड मात्र परवडते.

एक धोका शिल्लक राहतो. तोंड झाकले की शब्द जातात. डिसेंबर २०११मध्ये बेनचा सुरुवातीचा प्रसंग आधी दाखवला तेव्हा त्याचे बोलणे कळत नाही अशी ओरड झाली आणि प्रदर्शनापूर्वी आवाजावर पुन्हा काम करावे लागले. मुखवट्याच्या पात्राचे संवाद मुखवटा काढून वेगळे ध्वनिमुद्रित करावेत. ओठ दिसत नसल्याने जुळवणीची कटकट नसते.

– एक वाचक, फोंडा