मक्याच्या रानातल्या एकशिक्षकी शाळा

सीडर रॅपिड्स, आयोवा
१२ ऑक्टोबर

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मागच्या फोनमध्ये बाबांनी विचारलं, "सुट्टीच्या दिवशी हल्ली असतेस कुठे?" गडबडीत मी "जुन्या शाळा बघत फिरते" एवढंच बोलले. पण ही गोष्ट फोनवर उरकण्यासारखी नाही. तुम्ही दोघांनी उभी हयात प्राथमिक शाळेत काढलीत, तेव्हा मी काय बघते आहे ते तुमच्याइतकं कुणाला कळायचं नाही. म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

इथून उत्तरेला तासाभराच्या वाटेवर बुकॅनन काउंटी आहे. साधारण आपल्या पाटण तालुक्याएवढा मुलूख, फक्त डोंगर नाहीत. नजर पोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. या काउंटीत एके काळी एका खोलीच्या शाळा कुठे कुठे होत्या, कोण शिकवत होतं, त्या कधी आणि का बंद पडल्या, हे जमवण्याचं काम इथली काही वयस्कर माणसं मनापासून करतात. मी त्यांच्यात जाऊन बसते. जुनी दप्तरं वाचते, नकाशे जुळवते, आणि हवा बरी असली की गाडी काढून शाळांच्या जागा शोधते.

हो बाबा, अमेरिकेतल्या एकशिक्षकी शाळा. एक खोली, एक मास्तर किंवा बाई, आणि पहिलीपासून आठवीपर्यंतची पोरं एकत्र. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभरात अशा दोन लाखांच्या आसपास शाळा होत्या आणि एकट्या आयोवात बारा हजारांवर. तुम्ही वाडीवर चार इयत्ता एकट्याने सांभाळल्यात, इथे आठ असायच्या.

या शाळा इतक्या नेमक्या अंतरावर कशा, याचं मला आधी नवल वाटलं. त्याचं मूळ जमीनमोजणीत आहे. १७८५ साली, म्हणजे यांची राज्यघटना लिहिली जाण्याच्याही आधी, एक कायदा झाला. नव्या मुलखाचे सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन पाडायचे, त्याला टाउनशिप म्हणायचं. प्रत्येक चौकोनाचे ३६ तुकडे, एकेक चौरस मैलाचे. त्यातला १६ नंबरचा तुकडा शाळांसाठी राखीव. शाळा त्याच तुकड्यात बांधायची असं नव्हतं. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असते तशी ती शाळेची जमीन. तिच्या पैशातून शाळांना आधार. पुढे वस्ती झाली तशी आयोवात बहुतेक टाउनशिपचे नऊ भाग पडले आणि दर भागाला एक शाळा आली. म्हणजे दर दोन मैलांवर शाळा, लहान पोराला चालत जाता येईल अशी. बुकॅननमध्ये १६ टाउनशिप आहेत. नवाने गुणलं तर १४४ होतात. प्रत्यक्षात कुठे एखादी कमी, कुठे एखादी जास्त. जुन्या नकाशात रस्त्यांच्या चौकात बारीक चौकोन दिसला की समजायचं, इथे शाळा होती.

त्यातल्या बहुतेक जागा आता नांगराखाली आहेत, आणि त्यालाही कारण कायद्यात आहे. शाळा उठली की ती जमीन ज्या शेतातून घेतली होती त्या शेताला परत जायची. इमारतीचा लिलाव व्हायचा. कुणी ओढून नेऊन कोंबड्यांचं खुराडं केलं, कुणी मका साठवायचं कोठार. एका शेतकऱ्याच्या गोदामात मी आत गेले तर भिंतीवर डोक्याच्या उंचीवर फळ्याची चौकट तशीच होती आणि तिच्याखाली, लहान पोराच्या हाताला येईल अशा उंचीवर, टोप्या अडकवायच्या खुंट्यांची रांग. त्यांना आता ट्रॅक्टरचे पट्टे टांगलेले होते.

वर्ग कसा चालायचा हे वाचताना मला सारखे बाबाच दिसतात. पहिली-दुसरीला पाटीवर उजळणी लावून द्यायची आणि तिसरी-चौथीचं गणित घ्यायचं, ही तुमची पद्धत इथेही तशीच. पुढे एक लांब बाक असायचं. ज्या इयत्तेची पाळी ती त्या बाकावर येऊन धडा म्हणून दाखवायची, बाकीचे आपापल्या जागी अभ्यास करायचे. दहा-दहा मिनिटांचा एकेक पाठ, दिवसाकाठी पंचवीस-तीस. धाकटी पोरं वरच्यांचे धडे ऐकून ऐकूनच पुढे सरकायची. डी.एड.च्या पुस्तकात याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात ना? इथे सतरा-अठरा वर्षांच्या पोरी ते करत होत्या, कित्येक जणी आठवी आणि वर थोडंसं प्रशिक्षण एवढ्याच शिदोरीवर. पहाटे स्टोव्ह पेटवायचा, खोली झाडायची, विहिरीचं पाणी आणायचं, आणि मग शिकवायचं. पगार पुरुषांपेक्षा कमी. लग्न केलं की बहुतेक ठिकाणी नोकरी सोडावी लागे. सुरुवातीच्या काळात हिवाळ्याच्या सत्राला मुद्दाम मास्तर नेमायचे, कारण शेतीची कामं संपली की थोराड मुलं शाळेत यायची आणि त्यांना बाई आवरणार नाही अशी समजूत होती. उन्हाळ्यात लहान पोरांसाठी बाई.

आई, तुला आवडेल असं एक. हिवाळ्यात मुलांना दुपारी गार अन्न खायला लागू नये म्हणून घरून काचेच्या बरणीत सूप, बटाटे, बीन्स काय असेल ते द्यायचे. बाई सकाळी त्या सगळ्या बरण्या पाणी घातलेल्या पसरट भांड्यात ठेवून ते स्टोव्हवर चढवायच्या आणि दुपारपर्यंत सगळ्यांचं जेवण गरम. झाकणांवर नावं. शालेय पोषण आहाराची खिचडी सुरू व्हायच्या आधी तूही घरून पिशवीत चार जास्तीच्या भाकरी नेत होतीस, ते मला आठवलं.

परवा एका शाळेचं जुनं रजिस्टर हातात आलं. आपलं हजेरीपत्रक असतं तसंच, आखलेलं, शाई उडालेली. नोव्हेंबरपर्यंत मोठ्या मुलांच्या नावांपुढे कोरे चौकोन. मका काढून झाला की डिसेंबरमध्ये खुणा सुरू होतात, मार्चमध्ये पुन्हा थांबतात. मागच्या पानांवर बाईंनी, पुढच्या सत्राला जी कोण बाई येईल तिच्यासाठी, प्रत्येक मूल कुठवर आलं ते टिपून ठेवलं होतं. कोण दीर्घ भागाकारापर्यंत, कोण अपूर्णांकात अडकलेलं, कुणाला अजून अक्षरं जोडायला वेळ लागतो. आपण इथे टिकणार नाही हे तिला माहीत होतं. तरी पोरांचा एक दिवसही फुकट जाऊ नये म्हणून तिने हे लिहिलं. मी ते पान बराच वेळ वाचत होते.

काउंटीला शाळांचा एक सुपरिंटेंडंट असे. आपले विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी एकाच माणसात. घोडागाडीने शाळा शाळा हिंडून तपासणी करायची, आठवीची परीक्षा घ्यायची, शिक्षकांचे वर्ग भरवायचे. ही जागा निवडणुकीने भरायची. उत्तरेकडच्या मिचेल काउंटीत १८६९ साली ज्युलिया ॲडिंग्टन नावाची शिक्षिका या पदावर निवडून आली. बाईला मत देण्याचा पूर्ण हक्क या देशात १९२० साली मिळाला, आणि ही त्याच्या पन्नास वर्षं आधी लोकांच्या मतांवर अधिकारी झाली. आयोवात निवडून येऊन पद भूषवणारी ती पहिली स्त्री. नैऋत्येकडच्या पेज काउंटीत १९०६ पासून जेसी फील्ड या पदावर होती. खेड्यातल्या पोरांनी शेतीही शास्त्र म्हणून शिकावी म्हणून तिने आपल्या सगळ्या शाळांत मुलांचे मक्याचे आणि मुलींचे गृहकामाचे गट काढले, बियाणं पारखायला शिकवलं. आज अमेरिकाभर खेड्यापाड्यांतल्या मुलांची फोर-एच म्हणून जी चळवळ आहे तिच्या मुळाशी या शाळा आहेत. हे वाचून मला आपल्याकडच्या रयतच्या व्हॉलंटरी शाळा आठवल्या. कर्मवीर अण्णांनी सातारा जिल्ह्यात देवळात, चावडीत, मिळेल त्या जागी शाळा सुरू केल्या आणि गावाने त्या चालवल्या. आजोबांची पहिली नेमणूक तसल्याच शाळेत होती ना? त्यांच्याबद्दल मला फार थोडं माहीत आहे.

पाकिटात २५ सेंटचं एक नाणं ठेवलं आहे. ते २००४ चं, आयोवाच्या नावाने काढलेलं. त्याच्यावर एका खोलीची शाळा आहे आणि बाई-मुलं मिळून झाड लावताहेत. ते ग्रँट वुड या इथल्या चित्रकाराच्या १९३२ च्या चित्रावरून घेतलं आहे. तो स्वतः ॲनामोसाजवळच्या अशाच शाळेत शिकला. दहा वर्षांचा असताना वडील गेले आणि कुटुंब सीडर रॅपिड्सला आलं. ती शाळा अजून उभी आहे. एका राज्याला आपली ओळख म्हणून नाण्यावर काय कोरावं असा प्रश्न पडतो आणि उत्तर एकशिक्षकी शाळा निघतं, याचा मला फार आनंद वाटतो.

आता बंद पडण्याची हकिगत. लहान शाळा मोडून एक मोठी शाळा करायची आणि पोरांना गाडीने आणायचं, हा विचार आयोवात १८९० च्या दशकातच सुरू झाला. पण चिखलाचे रस्ते आणि लोकांचा विरोध, यामुळे तो रेंगाळला. ट्रॅक्टर आले, शेतं मोठी झाली, कुटुंबं उठून गेली, पट घसरला. पक्के रस्ते झाले. शेवटी राज्याने मुदतच घातली की १९६६ पर्यंत प्रत्येक भाग बारावीपर्यंतच्या एखाद्या शाळा-जिल्ह्यात, म्हणजे एका मंडळाखाली चालणाऱ्या शाळांच्या मुलखात, सामील झालाच पाहिजे.

आणि तेव्हा बुकॅननमध्ये जे घडलं ते साऱ्या देशाने पाहिलं. हेझलटन गावाजवळ १९१४ पासून आमिश लोकांची, म्हणजे जुन्या रीतीने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, वस्ती आहे. मोटार बाळगत नाहीत, घोड्याच्या बग्गीने फिरतात, आठवीनंतर मुलं शेतीत घालतात. त्यांना आपल्या एका खोलीच्या शाळा सोडायच्या नव्हत्या. त्यांचे शिक्षक त्यांच्यातलेच, सरकारी प्रमाणपत्र नसलेले. बापांना दंड होत राहिले. नोव्हेंबर १९६५ मध्ये अधिकारी बस घेऊन मुलांना न्यायला शाळेवर आले. पोरं बाहेर पडली आणि तारेच्या कुंपणाकडे, त्यापलीकडच्या मक्यात पळत सुटली. काळ्या टोप्या, लांब झगे, आणि मागे माणसं. वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने टिपलेला तो फोटो देशभर छापून आला. गव्हर्नर हॅरल्ड ह्यूज यांनी कारवाई थांबवली, आणि १९६७ मध्ये कायद्यात अशा समाजाला सूट मिळण्याची सोय झाली. पुढे १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही आमिशांना आठवीपुढे सक्ती करता येणार नाही असं सांगितलं. त्या शाळा आजही भरतात. त्यांना फोटो काढलेले आवडत नाहीत, म्हणून आम्ही रस्त्यावरून हळू जातो, थांबत नाही.

बाबा, तुम्ही विचाराल, तुला काय वाटतं? मला वाटतं, मोठ्या शाळा होणं चूक नव्हतं. सगळ्या इयत्तांना एकच शिक्षक, तो चांगला निघाला तर सोनं, वाईट निघाला तर पोराचं नुकसान. प्रयोगशाळा नाही, वाचनालय म्हणजे एक कपाट. इथली ऐंशी-नव्वदीची माणसंही हे कबूल करतात. पण शाळा गेली की त्या दोन मैलांच्या भागाचं नावसुद्धा जातं, हेही तीच सांगतात. शेजारीपाजारी एकत्र यायचे ते शाळेत. पैसे जमवायला जेवणाच्या डब्यांचा लिलाव व्हायचा तो तिथे, नाताळचा कार्यक्रम तिथे, मतदान तिथे. शाळा कधी रंगवायची, बाई कोण नेमायची, हे चार शेतकरी मिळून ठरवायचे. तो अधिकार एकदा गेला तो परत आला नाही. म्हणून २०२३ मध्ये आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांवर शाळांच्या समूह शाळा करण्याची चर्चा निघाली, तेव्हा माझा जीव खालीवर झाला. सह्याद्रीत दोन वाड्यांमध्ये एक ओढा असतो, आणि पावसाळ्यात तो काय करतो हे तुम्ही मला सांगायला नको. पट मोजून शाळा बंद करणाऱ्याने आधी ती वाट जुलैत चालून बघावी, असं माझं ठाम मत आहे.

आता माझं खरं काम सांगते. इथे सगळ्यात आधी नाहीसे झाले ते कागद. शाळेच्या हिशेबाच्या वह्या शेतकऱ्यांच्या माळ्यावर गेल्या आणि घरं पाडताना जळाल्या. १९७५ मध्ये काउंटीची शिक्षण कचेरीच बंद झाली आणि तिथलं दप्तर विखुरलं. जे उरलं त्यावर आम्ही आज एकेक शाळा उभी करतो आहोत. तुमच्या बाबतीत तेवढी वाट बघायची माझी तयारी नाही. बाबा, नेमणुकीची गावं आणि वाड्या सालवार एका वहीत लिहून काढाल का? पटावर किती होते, शाळा कुठे भरायची, खडू-फळा योजनेत दुसरी खोली आली ती कोणत्या साली. शेरेबुकातला एखादा शेरा आठवत असेल तर तोही. वाडीवरची शाळा चालू असेल तर हेडमास्तरांना विचारून जनरल रजिस्टरच्या पहिल्या पानांचे फोटो दादाला काढायला सांगा, परवानगी घेऊनच. आई, तू शिकवलेल्या ज्या मुली पुढे शिक्षिका झाल्या त्यांची नावं तुला तोंडपाठ आहेत. ती मला फोनवर सांग, मी उतरवून घेते.

गुडघ्याला तेल लावत जा, आणि बाबांनी एकट्याने माळ्यावर चढू नये. ट्रंक दादा काढेल. रविवारी तुमच्या सकाळी नऊला फोन करते. वही जवळ ठेवा.

तुमची,
मीनल