पिल्लं आण, पण कोंबड्याचं आधी ठरव

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज बघितला. पोरीला वाढदिवसाला कोंबडीची पिल्लं हवीयेत आणि तू म्हणतोस "दोन आणून देतो, गच्चीत राहतील". लेका, रिप्लाय टाइप करायला बसलो आणि तो इतका लांबत गेला की म्हटलं सरळ पत्रच लिहू. धायरीत आमच्या अंगणात हा उद्योग सुरू झाल्यापासून या विषयावर बोलायला मला कुणीतरी लागतंच, घरचे तर आता ऐकूनही घेत नाहीत.

सगळ्यात आधी, रस्त्यावर टोपलीत ती गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्लं विकतात ना, ती आणू नकोस. ते बहुतेक लेयर हॅचरीतले नर असतात, अंड्याच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि अंगानेही भरत नाही म्हणून तिथे तो कुणाला नको असतो, मग रंग मारून चिल्लर भावात विकला जातो. उन्हातान्हात फिरून ती आधीच अर्धमेली झालेली असतात, घरी येऊन माना टाकतात आणि पोरगी रडत बसते. आणि समज जगली, तर तुझ्या गच्चीत सगळे कोंबडेच! त्यापेक्षा खडकीला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे तिथे चौकशी कर, गिरीराज नाहीतर वनराज मिळाली तर बघ, या जाती परसातल्या पाळण्यासाठीच तयार केल्यात, काटक असतात. कडकनाथच्या नादाला लागू नको, भाव ऐकूनच बसशील. आणि दोन नको, निदान सहा आण. एकटं-दुकटं पिल्लू दिवसभर नुसतं चिवचिवत राहतं, खात नाही धड. उबेलासुद्धा त्यांना एकमेकांची अंगं लागतात.

आता ऊब. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ डिग्री लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्रीने कमी करत जायचं, पिसं फुटेपर्यंत. मोठा पुठ्ठ्याचा खोका आणि वरून ६० वॅटचा बल्ब, झालं. पण बल्ब जुना पिवळा तारेचाच पाहिजे, एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही, आणि हा पिवळा बल्ब मागितला की हार्डवेअरवाले आता असे बघतात जणू मी कंदील मागतोय. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लंच सांगतात. बल्बखाली गोळा होऊन मोठ्याने ओरडत असली तर गारठलीयेत, कडेला पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असली तर बल्ब वर घे, आणि खोकाभर पांगून टिपत बसली असली तर तू निवांत चहा पी. गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात राहून तुला सांगायला नकोच, तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवायची. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत आणू नको म्हणतो, पहाटेचा गारठा एका बल्बला आवरत नाही. पावसाळाही नको, खाली भाताचं तूस पसरतो आपण, ते ओलं राहिलं की रक्ती हगवण लागते आणि पिल्लं पटापट जातात. फेब्रुवारीच्या शेवटी आण, पोरीचा वाढदिवसही तेव्हाच असतो ना.

खोक्यात नुसता पेपर अंथरू नकोस, गुळगुळीत असतो, पाय फाकतात आणि मग ते पिल्लू नीट उभंच राहत नाही. तुसावर पहिले काही दिवस गोणपाट टाक. पाण्याच्या ताटलीत गोट्या घाल, नाहीतर बुडतात, खोटं नाही सांगत, एवढ्याशा पाण्यात बुडतात. आल्या आल्या प्रत्येकाची चोच पाण्यात बुडवून दाखवायची, त्या पाण्यात थोडा गूळ. खायला स्टार्टर म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य आण, त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. तांदळाची कणी आणि बाजरी घालून आमच्या आजीची पिल्लं वाढायची हे खरं, पण ती आईमागे उकिरडा उकरून किडे खायची, तुझ्या गच्चीत कुठलेत किडे! आणि मोठ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य घालू नको, त्यातलं कॅल्शियम पिल्लांच्या किडनीला झेपत नाही. रोज एकदा उचलून बूड बघ, विष्ठा चिकटून वाळली असेल तर कोमट पाण्यात कापूस भिजवून पुसायचं. हे काम पोरीला दे, पण नंतर साबणाने हात, आणि पिल्लाचा पापा घ्यायचा नाही. वहिनी बर्ड फ्लूचा विषय काढणारच (२००६ ला नवापूरचं झालेलं अजून सगळ्यांच्या लक्षात आहे), तर बाहेरून आणलेला पक्षी लगेच आपल्यात सोडायचा नाही एवढं तरी पाळ.

लसीचं मात्र डोकं खातं. राणीखेत रोग आला की काही उरत नाही, म्हणून ५ ते ७ दिवसांची झाली की लासोटाचा, म्हणजे त्यावरच्या लसीचा, एक थेंब डोळ्यात नाहीतर नाकात, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरो या दुसऱ्या रोगाची, मग चौथ्या आठवड्यात परत लासोटा. गंमत अशी की औंधच्या सरकारी संस्थेत पक्ष्यांच्या लसी बनतात, म्हणजे पुण्याला लसीचं काही नवल नाही, पण बाटली असते शेकड्याच्या हिशोबात आणि आपली पिल्लं सहा! एकदा कालवली की दोनेक तासांत वापरायची, उरलेली फुकट. मी डॉक्टरांना विचारून आसपासच्या पाळणाऱ्यांबरोबर एकच दिवस ठरवतो, बर्फाच्या थर्मासमधून लस आणतो आणि सगळ्यांची पिल्लं एकदमच उरकतो. तू पण ये त्यात.

जाळी अर्ध्या इंचाची वेल्डेड घे. दुकानदार षटकोनी कोंबडीजाळी गळ्यात मारेल, तिने कोंबडी आत राहते पण घूस बाहेर राहत नाही, आणि बोका पंजा घालून ओढतो.

हे सगळं जमतं रे, कुणालाही जमतं. खरा घोळ पुढे आहे. पिल्लू एक दिवसाचं असताना नर की मादी ते तुला-मला कळत नाही, सहा-सात आठवड्यांनी कुणाचा तुरा लाल व्हायला लागतो तेव्हा अंदाज येतो, आणि सहातले तीन कोंबडे निघाले तर ते नशीब वगैरे काही नाही, हिशोबच तसा आहे. चार-पाच महिन्यांत आरवायला लागतात, पहाटे चारला, आणि एकाने सुरू केलं की दुसरा गप्प बसत नाही. तुमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे काका टाचणी पडली तरी सेक्रेटरीकडे जातात असं तूच सांगतोस. कापायचं म्हणशील तर पोरीने तोवर नावं ठेवलेली असणार, आणि नाव ठेवलेल्या कोंबड्याचा रस्सा आपल्या घरात होत नाही, आमच्याकडे झाला नाही. मी माझे कोंबडे भोरला मामाकडे सोडले, मामा त्यांचं पुढे काय करतो ते मी विचारत नाही. तुझ्याकडे असा मामा आहे का? आधी तो शोध, मग पिल्लं. अंड्यांसाठी कोंबडा लागतो असं वहिनींना वाटत असेल तर सांग, लागत नाही, पिल्लं हवी असतील तरच लागतो.

म्हणून माझं ऐकशील तर एक सुचवतो. आमची तांबडी कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलीये, तिच्याखाली अंडी ठेवलीत, २१ दिवसांनी पिल्लं निघतील. बल्ब नको, थर्मामीटर नको, सगळं तीच बघते, फक्त जवळ गेलं की टोचते. पोरीला शनिवार-रविवार इकडे घेऊन ये, पिल्लं मोठी होताना बघू दे, आणि दोनेक महिन्यांत तुरे कळले की त्यातल्या तीन तलंगा, म्हणजे तरण्या माद्या, घेऊन जा. तोवर खुराडं बांधून ठेव, माप मी सांगतो. पसंत असेल तर या आठवड्यात कळव, दुसऱ्या एकाने पण विचारलंय.

आणि अंदाज चुकून तलंगेचा कोंबडा निघाला तर परत माझ्या दारात आणायचा नाही, हे आत्ताच बोलून ठेवतो.

तुझाच,
पक्या