मिठाचा मान गेला

महोदय,

ताट वाढताना आपल्याकडे पहिला मान मिठाचा. मला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सौ.ने तो मान काढून घेतला. आठवडाभर घरात अबोला! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा चमचाभर मीठ पुरे. आमटीचं सोडा, माझं बरंचसं मीठ पापड, लोणचं आणि चारच्या चहासोबतच्या फरसाणातूनच पोटात जात होतं. आता काकडीवर नुसतं लिंबू पिळतो, ताकात जिरेपूड घालतो. सुरुवातीला सगळंच अळणी लागे. हल्ली लग्नाच्या पंगतीतली भाजी खारट वाटते. लोणच्याची फोड रविवारी एकच, तीही मोठी बघून.

– एक ज्येष्ठ वाचक, सातारा