सूक्ष्मजीवशास्त्राच्या दाराला कडी कशाला?

महोदय,

एम.एस्सी.च्या प्रवेशाचे दिवस आले की आमच्या विषयाच्या माहितीपत्रकात एक ओळ बऱ्याच ठिकाणी दिसते : ‘बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्र आवश्यक’. संख्याशास्त्र घेऊन उत्तम गुणांनी बी.एस्सी. झालेली आमच्या शेजारची मुलगी गेल्या वर्षी एका विद्यापीठात याच ओळीला अडली. ‘तुमचा विषय बसत नाही,’ म्हणून खिडकीवरून अर्ज परत.

मी मेहकरची, त्यामुळे मला लगेच लोणार आठवले. जून २०२०मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा वनविभागाने नमुने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. आघारकरच्या अभ्यासात हॅलोआर्किया सापडले, म्हणजे खारट पाण्यात फोफावणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव. उन्हाने पाणी आटले, क्षार वाढले, यांचे फावले. पाऊस पडून खारटपणा उतरला तसा रंगही गेला. आता यात सूक्ष्मजीवशास्त्र कुठे संपते आणि रसायनशास्त्र, भूशास्त्र, हवामान कुठे सुरू होते, हे त्या खिडकीवरच्या माणसाने मला दाखवून द्यावे. बरे, आर्किया हा बॅक्टेरियांहून निराळा गट आहे हे १९७७ साली दाखवणारे कार्ल वोझ पदवीला गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेले, पीएच.डी. जीवभौतिकीतली. त्यांचाही अर्ज परत आला असता.

बाहेरच्या मुलांना प्रयोगशाळेतला हात नसतो, हा आक्षेप मला मान्य आहे. अठ्ठावीस वर्षे प्रात्यक्षिके घेतली आहेत मी. लूप, म्हणजे जंतू उचलायचा तारेचा फास, लाल होईपर्यंत तापवायचा आणि मग निवेपर्यंत दम धरायचा. घाई केली की जंतूंच्या वसाहतीवर चर्र आवाज येतो, ते जागीच भाजतात आणि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. पण हे शिकायला तीन वर्षे लागत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये रोज बसवले तर सहा आठवड्यांत हात बसतो.

आमच्या मुलांची उणीव मात्र अशी सहा आठवड्यांत भरत नाही. बहिःस्थ परीक्षक म्हणून गेले असताना एका प्रबंधात मातीतल्या जिवाणूंचे सुंदर रंगीत आलेख पाहिले. डीएनए काढून त्याचा क्रम वाचायला कंपनीला पाठवला होता. आलेली फाइल विभागातल्या संगणकावर उघडेना, म्हणून विश्लेषणही कंपनीकडूनच करून घेतले. मी विचारले, ‘या दोन शेतांतला फरक खरा कशावरून? योगायोग नसेल कशावरून?’ मुलगा गुणी होता, खोटे बोलला नाही. म्हणाला, ‘मॅडम, कंपनीने दिलंय.’ शेजारच्या त्या मुलीला हा प्रश्न सुटला असता आणि या मुलाने तिला लूप धरायला शिकवले असते.

नव्या शैक्षणिक धोरणाने वाट दिलेली आहे. यूजीसीच्या २०२४च्या आराखड्यानुसार प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीच्या विषयाची आडकाठी नको. आपल्याकडच्या दोन वर्षांच्या ८८ श्रेयांकांत १६ ऐच्छिक विषयांचे आहेत. पण ते घ्यायचे आपल्याच विभागातले! कारण साधे आहे, फक्त कुणी उघड बोलत नाही. विद्यार्थी संख्याशास्त्राच्या वर्गात गेला की आपल्या विभागाचा कार्यभार कमी होतो, आणि कार्यभार कमी झाला की पद धोक्यात. शिवाय आमची प्रात्यक्षिके दुपारभर चालतात आणि नेमके त्याच वेळी दुसऱ्या विभागाचे तास. वेळापत्रक दोन्ही विभागप्रमुखांनी एकत्र बसून लावायचे असते, एवढे तरी करता येईल. ऐच्छिक श्रेयांकांपैकी निदान आठ दुसऱ्या विभागात, तिथल्या मुलांबरोबर बसून घेऊ द्यावेत. प्रबंधाला दोन विभागांतले दोन मार्गदर्शक असावेत आणि कार्यभार दोघांच्याही खात्यावर धरावा.

गंमत म्हणजे, हाच विषय शिकवायला जी नेट-सेट द्यावी लागते, तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचा वेगळा पेपरच नाही. प्राणिशास्त्रवाले, वनस्पतिशास्त्रवाले आणि आम्ही, सगळ्यांना मिळून ‘लाइफ सायन्सेस’ हा एकच पेपर. शिकवणाऱ्याला चालते ते शिकणाऱ्याला का चालू नये?

शेजारची मुलगी यंदा पुन्हा अर्ज करणार आहे. ‘बी.एस्सी.चा विषय’ या रकान्यात काय लिहू, असे काल विचारायला आली होती. मी म्हटले, जे आहे तेच लिही.

– एक निवृत्त प्राध्यापिका, मेहकर (जि. बुलढाणा)