हाताच्या पट्टीची खरी गोष्ट

कोल्हापूर, १४ जून

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

व्हिडिओ कॉलवर माझ्या तळहाताची पट्टी बघून तू विचारलंस, तेव्हा हॉटेलच्या दारात हात चेमटला असं मी सांगितलं. ते खोटं होतं. तुझ्या आईनं शेजारून मान डोलावली, म्हणजे तीही सामील. आता दोघंही धडधाकट घरी पोचलोय, तू आइंडहोवनहून कितीही ओरडलीस तरी चालेल, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

आम्ही ग्रीसच्या नाक्सोस बेटावरचा झासचा डोंगर चढलो.

तुझ्या यादीत त्याच्यापुढे ‘फक्त खालून बघणे’ असं होतं आणि ‘आईचा गुडघा’ला दोन उद्गारचिन्हं. ती यादी आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळीकडे जपून नेली. पाळली मात्र पहिल्या दीड दिवसापुरतीच. तुझी रजा ऐन वेळी रद्द झाली आणि आम्ही दोघंच नाक्सोसला जाणार म्हटल्यावर तू तासातासाचं वेळापत्रक केलंस, ते काळजीपोटी, हे कळतं. पण त्यात बसून राहायला कुठं वेळच ठेवला नव्हतास.

अथेन्सच्या पिरेयस बंदरातून बोटीत पाच तासांच्या वर गेले. बंदरात शिरताना सगळ्यात आधी दिसतं ते दार, पोर्तारा. नुसती संगमरवरी चौकट. पुढे समुद्र, मागे आभाळ. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकात लिग्डामिस नावाच्या राज्यकर्त्यानं मंदिर काढायला घेतलं, त्याची सत्ता गेली आणि काम राहिलं. पुढे व्हेनिसवाले आले, त्यांनी वर किल्ला बांधताना या मंदिराचे दगड उचलून नेले. चौकट काही हलली नाही, एवढी जड. संध्याकाळी तिथे फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते. आम्ही सकाळी सहाला गेलो तेव्हा एक मांजर आणि आम्ही. तुझी आई उंबऱ्यापाशी थांबली आणि चपला काढू लागली. मी म्हटलं, आत देव नाही. ती म्हणाली, दार आहे ना.

समुद्रस्नानाचं फार लिहीत नाही. आयोस प्रोकोपिओसच्या किनाऱ्याचं पाणी नितळ, पण मे महिन्यात असं गार की पंचगंगेत पोहायला शिकलेला माणूसही पहिल्या बुडीला देवाचं नाव घेतो. खारट पाण्यात अंग आपोआप तरंगतं, ते आवडलं. खुर्ची आणि छत्रीचं भाडं ऐकून आम्ही टॉवेलवर बसलो.

तिसऱ्या दिवशी बसनं उत्तरेला अपोलोनासला गेलो. गावाच्या वर एक जुनी खाण आहे, तिथे साडेदहा मीटरहून लांब पुतळा उताणा पडलाय. डोंगरातून पुरता सुटलेलाही नाही. दाढी कळते, खांदे कळतात, पावलांच्या जागी ठोकळे. दाढीवरून तो डायोनिससचा, त्यांच्या मद्याच्या देवाचा, असावा म्हणतात. तुझी आई म्हणाली, ‘शेषशायीच आहे, फक्त शेष यायचा राहिलाय.’

मी मात्र तिथे तासभर होतो. दगडाला भेगा आहेत, म्हणून काम सोडलं असावं असं समजतात. मला ते लगेच पटलं. शिरोलीच्या कारखान्यात कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मशीनवर चढवायचं, चार ऑपरेशन्स नीट व्हायची आणि शेवटच्या कटला आतला ब्लोहोल, ओतताना राहिलेली पोकळी, उघडा पडायचा. सगळी मजुरी, सगळं टूलिंग पाण्यात. कुणी कुणाला काही बोलत नसे, नुसता जॉब उतरवायचा आणि खडूनं फुली मारायची. इथल्या माणसांनी तर महिनोन्‌महिने टाकी चालवली असणार. बाजूच्या कातळावर टाकीचे घाव अजून मोजता येतात, शेजारी शेजारी, एका तिरकसात. मी बोट फिरवून बघितलं. हात बसलेला माणूस होता.

परतताना डोंगरातल्या गावांपाशी जे दिसलं, त्यासाठी तर मी हे पत्र लिहायला बसलो म्हण. नाक्सोस हे इमरीचं बेट आहे! मी तीस वर्षं ज्या इमरी पेपरनं जॉब घासले, ती इमरी, आपला कुरुंद, लोहखनिजात मिसळलेला. तिकडे स्मिरिदा म्हणतात. कोरोनोस आणि अपेरान्थोस या गावांच्या आसपास खाणी. १९२०च्या दशकात त्यांनी डोंगरातून थेट मुत्सूना बंदरापर्यंत आकाशपाळण्यासारखा रोपवे टाकला, माल खाली न्यायला. त्याचे मनोरे गंजत उभे आहेत, कुठे कुठे तारेला डोल अजून लटकलेत. कारखान्यात बनवलेले कृत्रिम अपघर्षक स्वस्त पडायला लागले आणि खाणींचा जोर गेला. म्हणजे आमचं हिरवं ग्राइंडिंग व्हील त्यांच्या पोटावर आलं म्हणायचं.

आणि गंमत बघ. याच बेटावर संगमरवर आणि त्याला घासणारी इमरीही याच बेटावर. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी हाताची घडी घातलेल्या छोट्या संगमरवरी बाहुल्या केल्या, त्यांना चकाकी याच इमरीनं दिली. रस्त्याकडेला एक काळा डला सापडला. मुठीएवढाच, पण हातात घेतल्यावर मनगट खाली जातं. चाकूच्या पात्यावर घासला, पातं पांढरं पडलं. खिशात टाकणार होतो. आईनं डोळे मोठे केले, ठेवला जागेवर.

अपेरान्थोसच्या गल्ल्यांत फरशी संगमरवरी, तिच्यावरून गाढवं जातात. मानोलिस ग्लेझोस याच गावचे. ३० मे १९४१च्या रात्री अथेन्सच्या ॲक्रोपोलिस टेकडीवर चढून नाझींचा झेंडा उतरवणाऱ्या दोघांतले एक. तिथे जेवायला फावा मागवला, तर समोर आलं घोटलेलं घट्ट पिवळं वरण! वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. आईनं पर्समधून पुडी काढून लाल तिखट भुरभुरलं. वाढणाऱ्या बाईंनी चाखून बघितलं आणि आत जाऊन नवऱ्याला घेऊन आल्या.

आता झास. सायक्लाडीज या बेटांच्या समूहातला सगळ्यात उंच डोंगर असला तरी हजार मीटरच्या जरासाच वर आहे, कळसूबाईच्या पुढे टेकडीच. फिलोतीहून टॅक्सीनं आया मरीना या छोट्या देवळापाशी उतरलो, म्हणजे निम्मी उंची गाडीनंच चढली. ‘झऱ्यापर्यंत जाऊ’ असं ठरलं. झऱ्याला आई म्हणाली, त्या वळणापर्यंत. वळणाला म्हणाली, शेळ्यांच्या फाटकापर्यंत. फाटक उघडून पुन्हा लावून घ्यायचं असतं, नाहीतर शेळ्या पसार. त्यानंतर तिनं काही म्हणायचंच सोडलं आणि चालत राहिली. वाटेत नुसते दगड, उशीसारखी गोल काटेरी झुडपं, पायाखाली ओव्यासारखा वास. झास म्हणजे झ्यूसच, ग्रीकांचा देवांचा राजा. त्या डोंगरावर प्राचीन अक्षरांत कोरलंय, ‘मेंढरं राखणाऱ्या झ्यूसचा डोंगर’. आई म्हणाली, म्हणजे आपल्या पट्टणकोडोलीचा बिरदेवच की.

माथ्यावर वाऱ्यानं उभं राहू दिलं नाही. पारोस दिसलं, दूर आमोर्गोस दिसलं, बाकीची बेटं मोजायची राहिली. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो आणि दशम्या खाल्ल्या.

पडलो मी. उतरताना मुरमाचा घसारा होता, मी मागे वळून तिला ‘जपून’ म्हणालो आणि गेलो घसरत. तळहात सोलला, पँट फाटली. तिचा गुडघा शाबूत. तिनंच पाण्यानं हात धुतला, रुमाल बांधला आणि खाली टॅक्सी नाही म्हटल्यावर एका मेंढपाळाच्या पिकअपला हात केला. मागे चाऱ्याच्या गठ्ठ्यांवर बसून फिलोतीला आलो. चौकातल्या मोठ्या झाडाखाली त्या माणसानं आम्हाला कॉफी पाजली, पैसे देऊ दिले नाहीत.

तुझ्या यादीतली वाईनची टूर, सूर्यास्ताची होडी आणि झासची गुहा राहिली. होडीचे पैसे परत मिळाले नाहीत, त्याबद्दल रागावू नकोस.

काल रात्री आईनं विचारलं, ग्रीसमधला तो ऑलिंपस डोंगर किती उंच? मी म्हटलं, २९१७ मीटर. ती काही बोलली नाही. पण सकाळी बघतो तर तिचे बूट धुऊन गच्चीत उन्हात ठेवलेले.

तुझा,
बाबा