भिंत पांढरीच होती म्हणे!

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हॉलची भिंत एकदम पांढरी दिसायला लागलीये, इतकी वर्षं मला ती पिवळसरच वाटायची, आणि मागून आई ओरडली की अहो ती पहिल्यापासून पांढरीच आहे! तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चाललंय. फोनवर तुम्ही मध्येच विषय बदलता म्हणून सरळ पत्रच लिहितेय.

क्लोद मोने नावाचा एक फ्रेंच चित्रकार होता, त्याला १९१२ मध्ये मोतीबिंदू असल्याचं कळलं आणि तोही तुमच्यासारखाच ऑपरेशन ढकलत राहिला, ते थेट १९२३ पर्यंत. त्या काळात त्याने स्वतःच्या बागेतला पूल रंगवलाय, ती चित्रं नेटवर बघाच, सगळं लालसर-तपकिरी, निळा जवळजवळ गायब. रंग ओळखू येईनात म्हणून ट्यूबवरची नावं वाचून घ्यायचा. ऑपरेशन झाल्यावर उलटंच, सगळं निळंच दिसतंय म्हणून वैतागला, मग रंगीत काचांचा चष्मा लावला. (तुम्ही निदान डॉक्टरांवर चिडला नाहीत, तो चिडला होता.)

पण मला त्याची आवडतात ती त्याआधीची, १८९०-९१ च्या सुमाराची चित्रं. शेतातल्या धान्याच्या गंजी, त्याच त्या, फक्त कधी सकाळी कधी संध्याकाळी कधी बर्फात, आणि सावल्या काळ्या नाहीतच, निळ्या-जांभळ्या. ती बघेपर्यंत मला सावली म्हणजे काळीच वाटायची. आई, दोरीवर पांढरी चादर वाळत असते ना, उन्हात तिच्या चुण्यांमध्ये बघ, निळसर झाक असते. एकदा दिसली की मग सुटका नाही.

चित्रं फसवतात पण हां. पळणारा घोडा म्हटलं की पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणलेले, असंच चित्रकार रंगवायचे आणि लोकांनाही तेच खरं वाटायचं. १८७८ मध्ये मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने पळत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा कळलं की चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात!

आता बाबांचा कायमचा प्रश्न, खोट्या माणसांच्या गोष्टी वाचून काय मिळतं. वाचून माणूस चांगला होतो असं मला अजिबात वाटत नाही, कपाटभर पुस्तकं वाचलेली खवट माणसं तुम्हीही बघितलीत. पण कादंबरीत काय होतं, पहिल्या शंभर पानांत जिचा राग राग येतो त्या बाईचंच पुढचं प्रकरण असतं आणि आपण थेट तिच्या डोक्यात जाऊन बसतो. मग ऑफिसात कुणी सगळ्यांसमोर माझ्यावर खेकसलं तर राग येतोच, पण जरा वेळाने वाटतं, हिचं प्रकरण मी अजून वाचलेलं नाहीये. हे मला कुणी उपदेश करून शिकवलं असतं तर मी ऐकलं नसतं, तुम्हाला माहितीये.

आई, तू दुपारी वाचायचीस ते का बंद केलंस? डोळे दुखतात म्हणून असेल तर बाबांबरोबर तूही तपासून घे, टाळाटाळ नको. आणि बाबांच्या चष्म्याचा नंबर आला की कळवा, मोठ्या टायपातल्या दोन कादंबऱ्या बाजूला काढून ठेवल्यात, एक तुझी, एक बाबांची. बाबांनी निदान पहिली पन्नास पानं वाचायची, मग काय शिव्या घालायच्या त्या घालू देत.

तुमची,
मनू

ता.क. ड्रॉप्स वेळेवर घाला, अलार्म लावून दिलाय तो बंद करू नका.