जुनी फोर बाय फोर घेताय? आधी खाली वाकून चेसिस बघा

मा. संपादक,
बाहेरून आणलेल्या जुन्या फोर बाय फोर गाड्यांबद्दल जे छापून येतं त्यात पेंट, मोठे टायर, लाइट्स एवढंच असतं, खरं काम कुठे असतं ते कोणी लिहीतच नाही म्हणून हे पत्र. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाडीची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, आतून गंजते आणि वरून काळा रंग मारला की काही कळत नाही, म्हणून मागच्या टोकाला, स्प्रिंगच्या माउंटजवळ हातोडीने हलकं ठोकून बघा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर वेल्डिंग आलंच समजा. जुन्या लँड रोव्हरची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची म्हणून लोक निर्धास्त असतात, पण खाली चेसिस स्टीलचीच आहे ना!

टोयोटाची ८० सिरीज लँड क्रूझर असेल तर पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूचा, चाक वळवणाऱ्या सांध्याचा गोळा नीट बघा. आतलं सील गेलं की डिफचं (डिफरन्शियल, म्हणजे वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) ऑइल ग्रीसमध्ये मिसळतं आणि काळं पातळ होऊन बाहेर ओघळतं, विकणारे ते नुसतं पुसून ठेवतात, हे अजिबात बरोबर नाही. टर्बो डिझेल वन एचडी-टी इंजिन असेल तर बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं) आधी तपासा, टायमिंग बेल्ट १ लाख किमीला बदलाच.

आणि पार्ट टाइम सिस्टीमवाल्यांनो, म्हणजे ज्यांच्या गाडीत फोर व्हील गरजेपुरतंच लावायचं असतं त्यांनो, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून फिरू नका हो, पुढच्या-मागच्या चाकांमधला सेंटर डिफ नसतो, वळताना सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर येतो.

यावर एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून सविस्तर लिहून घ्या ही विनंती.

– एक वाचक